कोकणातील अंगणे, पाखाड्या आणि शेवाळ

मृग नक्षत्राचे पहिले पाऊस होऊन गेले, की कोकणातील जांभ्या दगडाची अंगणे, विहिरींचे काठ आणि देवळांच्या पायऱ्या हिरव्या दिसू लागतात. आषाढात हा हिरवा रंग दाट होतो आणि श्रावणात त्यावरून चालणे ही एक कसरत होऊन बसते. डोंगरउतारावर वसलेल्या वाड्यांना जोडणारी चिऱ्यांची पायऱ्या-पायऱ्यांची वाट, म्हणजेच पाखाडी, या दिवसांत विशेष निसरडी होते. दुरून पाहणाऱ्यास हे दृश्य रम्य वाटते. डोक्यावर भारा घेऊन पाखाडी उतरणाऱ्या स्त्रीला ते तसे वाटणे शक्य नाही.

शेवाळ हा किरकोळ विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात, आणि त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. सर्वाधिक धोका साठीपुढील माणसांना असतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला उठून पुन्हा हिंडूफिरू लागण्यास कित्येक महिने लागतात, आणि काहींचे हिंडणे पुढे कायमचेच मर्यादित होते. ज्या घरांतील तरुण मंडळी मुंबई-पुण्यास आहेत आणि मागे केवळ आई-वडील राहिले आहेत, अशा घरी अंगणातील शेवाळाचा प्रश्न किरकोळ म्हणता येणार नाही.

हे शेवाळ काढण्याचे प्रयत्न घरोघरी होतच असतात. कोणी खराट्याने घासतो, कोणी मीठ फेकतो, कोणी बाजारातून औषध आणून ओततो. महिनाभराने अंगण पुन्हा हिरवे होते. याचे कारण असे, की शेवाळ काढले जाते, पण शेवाळाला जगविणारे पाणी तेथेच राहते.

शेवाळ म्हणजे काय?

बोलीत ज्याला सरसकट शेवाळ म्हटले जाते, त्यात निदान दोन अगदी भिन्न प्रकारच्या जीवांचा समावेश होतो. पहिला प्रकार शैवलांचा. त्यांना मूळ, खोड, पान असे काहीही नसते. दगडावर ओला, हिरवा, बुळबुळीत थर दिसतो तो बहुधा यांचाच. त्यांतील नील-हरित शैवले ही शास्त्रीय दृष्ट्या जीवाणूंच्या गटात मोडतात. यांपैकी अनेकांच्या पेशींभोवती चिकट, बुळबुळीत आवरण असते. हे आवरण पाणी धरून ठेवते आणि कडक उन्हापासून संरक्षणही करते. उन्हाळ्यात कौलांवर, गडग्यांवर आणि चिऱ्यांच्या भिंतींवर जो काळा, कोरडा पापुद्रा दिसतो, तो पुष्कळदा यांचाच असतो. तो मेलेला नसतो. पाणी मिळताच थोड्याच अवधीत त्याचा जीवनक्रम पुन्हा सुरू होतो. म्हणूनच जूनमधील दोन-चार सरींतच पायऱ्या निसरड्या होतात. बी कोठून तरी नव्याने येऊन रुजावे लागत नाही. ते वर्षभर तेथेच असते.

दुसरा प्रकार हरितांचा, म्हणजे इंग्रजीत ज्यांना मॉस म्हणतात त्यांचा. बारीक पाने असलेली, मखमलीसारखी गादी दिसली की ती हरिता समजावी. हिला खरी मुळे नसतात. केसासारख्या मूलाभांनी ती दगडाला धरून राहते आणि पाणी पानांवाटेच शोषून घेते. तिला मातीची विशेष गरज भासत नाही. पावसाच्या पाण्यातून व धुळीतून मिळणारे क्षार तिला पुरतात. तिच्या प्रजननासाठी मात्र पाण्याचा पातळसा थर आवश्यक असतो, कारण नरपेशी पाण्यातून पोहतच स्त्रीपेशीपर्यंत पोहोचते.

हा भेद केवळ पाठ्यपुस्तकातला नाही. पाय घसरतो तो मुख्यतः शैवलांच्या थरावरून. हरितेची गादी पायाखाली दबते, आणि ओली असताना चिऱ्यापासून सुटून सरकू शकते, म्हणून तीही वाटेवर नको. परंतु अपघातांचे मोठे कारण म्हणजे हिरवा किंवा काळपट बुळबुळीत थर होय. तो पुष्कळदा नजरेसही येत नाही. बोटाने चोळून पाहिल्यास तो लगेच कळतो.

जांभा पाणी धरतो

कोकणात व गोव्यात अंगणासाठी सर्रास वापरला जाणारा दगड जांभा हा आहे. याला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली दिले. लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून ते आले आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर राहिला की कठीण होतो, आणि म्हणूनच त्याचे चिरे सहज कापता येतात. लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी बनलेला हा दगड आतून छिद्रमय असतो. ही छिद्रे पावसाचे पाणी शोषून घेतात व पाऊस थांबल्यानंतरही बराच वेळ ओलावा टिकवितात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आकाश ढगाळ, हवेत दमटपणा आणि खाली पाणी धरणारा दगड, एवढी अनुकूलता शेवाळाला क्वचितच अन्यत्र मिळते.

येथे एका जुन्या रीतीचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. पूर्वी घरापुढील खळे मातीचे असे. पावसाळा सरला, की वरचा थर खणून, माती भिजवून, चोपून आणि शेणाने सारवून ते नव्याने केले जाई. त्या खणण्यात वर्षभराचे शेवाळ मुळासकट निघून जात असे. कष्ट मोठे होते, यात शंका नाही. पुढे अंगणात चिरे आले, मग सिमेंटचा कोबा आणि फरशी आली. दरवर्षीचे खळे करणे थांबले व त्याबरोबर शेवाळाचा थर आपोआप निघून जाणेही थांबले. पक्के अंगण केले म्हणजे काम संपले असे मानले जाते. वस्तुतः पक्क्या अंगणाला निगेची गरज असते, फक्त ती वेगळ्या प्रकारची.

पहिले काम पाण्याचे

शेवाळ घालविण्याचा विचार वैशाखातच करावयास हवा आणि त्याचा आरंभ खराट्याने नव्हे, तर पाण्याच्या घागरीने व्हावा. कोरड्या अंगणात चार-सहा ठिकाणी घागरभर पाणी ओतावे आणि ते कोठे वाहते, कोठे साचते हे पाहावे. अर्ध्या तासानंतरही जेथे डबके राहील, तेथे कोळशाने खूण करावी. पावसाळ्यात सर्वांत दाट शेवाळ नेमके याच खुणांवर आढळेल. अंगणाला घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला उतार असला पाहिजे. दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुरेसा होतो. इतका उतार चालताना जाणवतही नाही. खचलेले चिरे उचलून, खाली खडी-वाळू भरून पुन्हा बसविणे हे दोन गड्यांचे एका दिवसाचे काम आहे. त्याने जे साधते, ते चार वर्षे औषध ओतूनही साधत नाही.

दुसरी जागा पागोळीची. कौलारू छपराचे पाणी जेथे एका रेषेत सतत पडते, तेथे चिऱ्यांवर बुळबुळीत पट्टा तयार होतो. आणि दुर्दैवाने घरात जाण्या-येण्याची पायरी बहुधा याच रेषेत असते. निदान दारासमोर तरी पन्हळ लावून पाणी बाजूला काढावे. ते शक्य नसल्यास पागोळीच्या रेषेतील चिरे काढून तेथे हातभर रुंदीचा चर खणावा व त्यात मोठी खडी भरावी. पाणी खडीत मुरते व निचऱ्याने निघून जाते.

तिसरी बाब सांडपाण्याची. न्हाणीचे, धुण्याच्या दगडाचे व भांडी घासण्याच्या जागेचे पाणी अंगणातून वाहू दिले, तर पावसाळा संपल्यावरही शेवाळ हटत नाही. साबणाच्या व अन्नकणांच्या पाण्यात शैवलांना खाद्यही मिळते. हे पाणी माडांच्या किंवा केळींच्या आळ्याकडे वळविल्यास दोन्ही कामे होतात.

उन्हाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. फणसाची किंवा आंब्याची एखादी खालची फांदी पाखाडीवर सावली धरून असते. ती मेअखेरीस छाटली, की सरींच्या मधल्या उघडिपीत पायऱ्यांना थोडे ऊन व वारा लागतो. झाड तोडण्याची मुळीच आवश्यकता नाही. तसे सुचविणाऱ्याचे ऐकू नये. गळून पडलेला पाला मात्र वेळोवेळी झाडला पाहिजे, कारण त्याखाली ओल टिकून राहते.

खरवडण्याची वेळ व पद्धत

शेवाळ भर पावसात काढण्यापेक्षा मे महिन्यात, ते वाळून पापुद्र्यासारखे झालेले असताना काढणे पुष्कळ सोपे जाते. कोरडा पापुद्रा उलथण्याने किंवा खुरप्याने सुटतो. मग नारळाच्या हिरांचा ताठ खराटा चालवावा. निघालेला चुरा अंगणातच झाडून बाजूला लोटू नये; तो गोळा करून खतखड्यात टाकावा. चिऱ्यांमधील सांध्यांत साचलेली मातीही खुरप्याच्या टोकाने काढावी. हरिता प्रथम याच मातीवर जम बसविते. सांधे मोकळे झाले, की गवंड्याकडून दरजा भरून घ्याव्यात.

पावसाळा सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा, मोठी सर पडून गेल्यानंतर लगेच, पायवाटेपुरता खराटा मारणे हे सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक काम होय. थर नुकताच धरू लागलेला असतो आणि दगड भिजलेला असल्याने तो सहज सुटतो. नारळाच्या सोडणाने किंवा काथ्याच्या कुंच्याने पायऱ्यांच्या कडा घासाव्यात, कारण उतरताना पाय कडेवरूनच सुटतो. घासणाऱ्याने वरच्या पायरीपासून आरंभ करून खाली उतरत येणे योग्य नाही. आपणच ओल्या केलेल्या पायऱ्यांवर मागे सरकत जाण्यात पडण्याचा धोका असतो. स्वच्छ केलेल्या पायरीवर उभे राहून पुढची, वरची पायरी घासावी आणि शेवटी वरून पाणी सोडून सर्व धुऊन काढावे.

लोखंडी तारांचा ब्रश जांभ्यावर वापरू नये. शहरांत हल्ली जोरदार फवाऱ्याने फरशी धुण्याची यंत्रे वापरली जातात. काळ्या कातळाच्या किंवा चांगल्या सिमेंटच्या पृष्ठभागावर ती ठीक आहेत. परंतु जांभ्याच्या छिद्रांतील मऊ भाग या फवाऱ्याने निघून जातो, दगड अधिकच खडबडीत व पोकळ होतो, आणि पुढील वर्षी तो आधीपेक्षा अधिक पाणी धरतो.

औषधांविषयी

औषध हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. तरीही जेथे जागा अरुंद, सावलीची व सतत ओली आहे, तेथे त्याचा आधार घ्यावा लागतो. ग्रामपंचायती विहिरींच्या शुद्धीकरणासाठी जी टी.सी.एल. पावडर वापरतात, ती शैवलांवर चांगली लागू पडते. सुमारे ३० टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर ३०० ग्रॅम घेऊन थोड्या पाण्यात कालवावी व मग दहा लिटर पाणी करावे. गाळ खाली बसू द्यावा व वरची निवळी तेवढी वापरावी. पाऊस नसलेला दिवस निवडून ती कुंच्याने लावावी, पंधरा-वीस मिनिटांनी घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. घासून धुणे टाळू नये. मेलेले शैवलही तितकेच बुळबुळीत असते.

या पावडरीबाबत काही गोष्टी कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. हातात रबरी मोजे असावेत, डोळ्यांत तुषार जाऊ देऊ नयेत, आणि मुले व जनावरे दूर ठेवावीत. तिच्यात किंवा तिच्या पाठोपाठ कोणतेही आम्ल, म्हणजे संडास धुण्याचे द्रावण, व्हिनेगर इत्यादी, कधीही वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. अमोनियायुक्त पदार्थांशीही तिचा संपर्क येऊ देऊ नये. तुळशीचे आळे, भाजीचा वाफा आणि विहिरीचा काठ यांच्यापासून हे पाणी दूर वळवावे. विहीर शुद्ध करणारी पावडर विहिरीत गेली तर काय बिघडले, असा प्रश्न विचारला जातो. विहिरीत मोजून घातलेली मात्रा आणि अंगणातून वाहत आलेले तीव्र द्रावण यांत मोठा फरक आहे; शिवाय त्याबरोबर अंगणाची घाणही विहिरीत उतरते.

मोरचुदाचा उपयोग बागायतदारांना परिचित आहे. सुपारीच्या कोळेरोगावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारले जाते, आणि उरलेले मिश्रण अंगणात शिंपडावे असा मोह होतो. मोरचूद शैवलांना मारतो यात वाद नाही. पण त्यातील तांबे नाहीसे होत नाही. ते मातीत साचत राहते, आणि ओहोळात किंवा तळ्यात गेल्यास मासे मरतात. उताराच्या गावात अंगणाचे पाणी शेवटी वहाळालाच मिळते, हे ध्यानात घेऊन हा मोह टाळणेच श्रेयस्कर.

मिठाने शेवाळ मरते, पण मीठ दगडात शिरून वाळताना पृष्ठभागाचे पापुद्रे सोडविते, लोखंड गंजविते आणि झाडांच्या मुळांना अपाय करते. आम्ले सिमेंट खातात. शहाबादी व कोटा या फरश्या चुनखडीच्या असल्याने आम्लाने त्यांचा पृष्ठभाग खरवडला जातो व मळकट होतो. त्या मानाने चुन्याच्या निवळीचा वा पातळ सफेदीचा हात गडग्यांवर व भिंतींवर देण्याची जुनी पद्धत बरी आहे. चुन्याच्या तीव्र अल्कतेमुळे शैवलांना काही काळ आळा बसतो.

नवे अंगण करताना

अलीकडे अनेक घरांपुढे चकचकीत फरशी बसविलेली दिसते. उन्हाळ्यात ती शोभून दिसते. पावसाळ्यात तिच्यावर नुसते पाणी असले तरी पाय ठरत नाही, मग शैवलांचा पातळ थर आल्यावर काय होत असेल हे सांगावयास नको. कोबा करताना तो घोटून गुळगुळीत करण्याची गवंड्यांना हौस असते. उघड्या जागी हा आग्रह मोडून काढावा, आणि कोबा ओला असतानाच त्यावरून खराटा ओढून आडव्या रेघा पाडून घ्याव्यात. जुन्या, झिजून गुळगुळीत झालेल्या काळ्या दगडाच्या पायऱ्यांना पाथरवटाकडून टाकी लावून घेता येते. पाखाडीला एका बाजूने तरी हाताला धरावयास गज किंवा कठडा असावा. या खर्चाचे महत्त्व वृद्ध माणसे असलेल्या घरांना समजावून सांगावे लागत नाही.

सर्वच शेवाळ शत्रू नव्हे

पाऊल जेथे पडते, तेथेच शेवाळ काढावयाचे आहे. गडग्यावरची, बांधावरची, झाडाच्या बुंध्यावरची हरिता कोणाचेही नुकसान करीत नाही. उलट ती उघड्या मातीची धूप रोखते. नील-हरित शैवलांच्या काही जाती हवेतील नत्र स्थिर करतात, आणि भातखाचरांना त्याचा लाभ होतो. घराच्या भिंतीवर व देवळाच्या शिखरावर मात्र हरितेकडे दुर्लक्ष करू नये, कारण तिच्या गादीत धूळ साठते आणि पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे बी त्यात रुजते. पिंपळ एकदा सांध्यात शिरला, की प्रश्न शेवाळाचा राहत नाही.

गडकिल्ले आणि संरक्षित मंदिरे यांना मात्र वरीलपैकी कोणताही उपाय परस्पर लागू करावयाचा नाही. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्य या नावाने जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे कोकणातील जलदुर्गही आहेत. उत्साही तरुण मंडळे स्वच्छतेच्या हेतूने अशा ठिकाणी तारेचे ब्रश व आम्ले घेऊन जाण्याचा संभव असतो. संरक्षित वास्तूंचे काम पुरातत्त्व विभागाच्या अनुमतीने व देखरेखीखालीच व्हावयास हवे.

भाद्रपदापूर्वीची एक फेरी

शेवाळ सर्वाधिक वाढलेले असते ते श्रावण-भाद्रपदात, आणि कोकणातील वाटांवर सर्वाधिक वर्दळ असते तीही गणेशोत्सवातच. मुंबईहून आलेल्या माणसांच्या पायांना पाखाडीची सवय उरलेली नसते. मुले धावत सुटतात. मूर्ती डोक्यावर किंवा हातांवर घेऊन उतरणाऱ्याला तर आपले पाऊल कोठे पडते आहे हे दिसतच नाही. गावातील रस्ते, वाटा व गटारे यांची निगा राखणे ग्रामपंचायतीच्या कामांत मोडतेच. परंतु वाडीच्या पाखाडीची चतुर्थीपूर्वीची सफाई वाडीने श्रमदानाने केली, तर ती अर्ध्या दिवसात होते. घरापासून पाणवठ्यापर्यंतची विसर्जनाची संपूर्ण वाट आधी एकाने चालून पाहावी. डोळे चुकवून राहिलेला बुळबुळीत चिरा बहुधा शेवटच्या चार पायऱ्यांत, पाण्याच्या अगदी जवळ असतो. तेथे घासूनही भरवसा वाटत नसेल, तर जाडसर वाळू पसरावी, आणि विसर्जन रात्रीचे असल्यास त्या चार पायऱ्यांवर दिवा धरण्यासाठी एका जाणत्या माणसाची नेमणूक करावी.